मल्लव्वानं पाणदार का उघडलं?

एकाच कथेत सात जण लिहीत असतील आणि एका पात्राकडे दुसऱ्याचं मन ताब्यात घ्यायची जादू असेल, तर ती जादू पात्रापुरती राहत नाही. ज्याच्यावर ती चालते त्या पात्राचा लेखक शेजारीच बसलेला असतो. त्या पात्राचं बोलणं, राग, लाज, खाणंपिणं त्यानं जपलेलं असतं, आणि आता त्या पात्रानं काय करायचं हे दुसराच कुणीतरी ठरवणार असतो. आमच्या गटात अकराव्या प्रकरणाला नेमकं हेच झालं आणि कथा अडली. ती कशी सुटली, काय ठरलं आणि काय अजून ठरायचंय, ते इथं सगळं मांडतोय. गटानं लिहिणाऱ्या कुणालाही हा खड्डा लागणारच. बहुतेक जण तो चुकीच्या टोकाकडून बुजवायला घेतात, असं माझं मत आहे.

आधी माणसं सांगतो. रविवारी दुपारी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका शिकवणीच्या खोलीत आम्ही जमतो. एक सिस्टर आहेत, बऱ्याचदा रात्रपाळी उरकून थेट येतात. जीवशास्त्र शिकवणारे एक सर आहेत. एक वकीलबाई आहेत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे, त्याला सगळे इंजिनिअरच म्हणतात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातला एक तरुण आहे, त्याच्या घरी टॉवेल-चादरीचे माग चालतात. विजापूर वेशीत मोबाइलचं दुकान चालवणारा एक मित्र आहे. आणि मी. माझ्याकडे मोठं पात्र नाही. प्रकरणं जुळवणं आणि नियमवही सांभाळणं हे माझं काम.

कथेतल्या शहराचं नाव सोनतळ. मधोमध तळं, तळ्याला लागून किल्ला, खाली विणकरांची वस्ती. सिद्धेश्वर तलाव आणि भुईकोट किल्ला बघत वाढलेल्या माणसांना दुसरं काही सुचणं कठीणच होतं. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना हाताशी धरून तळं खोदलं, असं आपल्याकडे सांगतात. सोनतळचं तळंही लोकांनीच खोदलंय, म्हणून त्याच्या पाण्यावर एकट्याची मालकी नाही. तळ्याला एक दार आहे, पाणदार. ते उघडलं की पाणी वस्तीच्या कडेनं शेतांकडे निघून जातं आणि किल्ल्याचा खंदक कोरडा पडतो. पाणदाराची राखण मल्लव्वा करते.

प्रत्येक पात्राला एकच लेखक, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम. दुसऱ्याचं पात्र आपल्या प्रकरणात आणता येतं, त्याला चहा पाजता येतो, त्याच्याशी भांडता येतं. पण त्याचा निर्णय आपण लिहायचा नाही. मल्लव्वा सिस्टरांची. तिचा सख्खा भाऊ इरण्णा सरांचा. दिवाण त्र्यंबक इंजिनिअरचा.

अकरावं प्रकरण इंजिनिअरच्या वाट्याचं होतं. त्यात दिवाण रात्री पाणदारापाशी येतो, मल्लव्वाच्या डोळ्यांत बघतो, काहीतरी पुटपुटतो. मल्लव्वा उठते, दार उघडते, आडव्या आलेल्या इरण्णाच्या पोटात कोयता घालते. सकाळी तिला काही आठवत नाही. खंदक कोरडा, शत्रू आत.

प्रकरण जोरदार होतं, हे आधी सांगायला हवं. वाईट असतं तर वादच झाला नसता, खोडून पुढे गेलो असतो. सिस्टरांनी ते फोनवर वाचलं आणि रविवारी आल्या आल्या विचारलं, “काय करलालास बे तू? माझी मल्लव्वा भावाला मारेल?”

इंजिनिअर म्हणाला, “ती मारत नाहीये, सिस्टर. तिच्याकडून मारवून घेतलंय. निर्णय दिवाणाचा आहे, म्हणजे माझा. नियम कुठं मोडला?”

नियमाच्या अक्षरानं बघितलं तर त्याचं बरोबर होतं. आमचा नियम मनावरच्या जादूचा विचार न करता केलेला होता. सर तोवर गप्प होते. त्यांचा इरण्णा तर मेलाच होता, त्यांना न विचारता.

दोन प्रश्न एकदम समोर आले. दिवाणाला हे जमतं तर त्यानं पहिल्याच प्रकरणात राजाला का नाही ताब्यात घेतलं? हा वाचकाचा प्रश्न. आणि ताब्यात गेलेल्या पात्राचं पेन कुणाच्या हातात? हा आमचा. आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली, कारण तो सोपा दिसत होता.

आकड्यांची यादी

जादूला मर्यादा घालायच्या म्हटलं की सगळ्यांना आधी आकडे सुचतात. फळ्यावर यादी झाली: दिवसातून एकदाच, वीस पावलांच्या आतून, अर्ध्या घटकेपुरती, नजरेला नजर भिडली तरच. दिसायला नेटकी. वकीलबाईंनी एकच कसोटी लावली. प्रत्येक नियमाला त्या विचारायच्या, “हा नियम ठाऊक असलेला लोभी माणूस उद्या सकाळी काय करेल?”

नजरेची अट असेल तर दिवाण रोज सकाळी पहारेकऱ्यांच्या रांगेसमोरून चालत जाईल. वीस पावलांची अट असेल तर राजाच्या शेजघराच्या भिंतीपलीकडे खोली घेईल. दिवसातून एकदाच असेल तर वर्षात तीनशेपासष्ट माणसं होतात. सोनतळचा अख्खा दरबार दिवाळीच्या आत त्याच्या खिशात. आणि अर्ध्या घटकेची अट तर सगळ्यात कच्ची, कारण एकच आज्ञा पुरेशी आहे: “यापुढे माझं ऐकत जा.”

या शेवटच्या पळवाटेतून आमचा पहिला टिकाऊ नियम निघाला. आज्ञा एकाच कृतीची हवी आणि त्या कृतीला शेवट हवा. “दार उघड” चालेल. “पत्र जाळ” चालेल. “माझ्याशी इमान राख” चालणार नाही, कारण इमान राखून झालं असं कधी होतच नाही. इंजिनिअर डंजन्स अँड ड्रॅगन्स हा भूमिका वठवण्याचा खेळ खेळतो. त्यानं सांगितलं की त्या खेळात ‘सजेशन’ नावाचा मंत्र आहे, त्याच्या २०१४ च्या नियमांत सूचना एक-दोन वाक्यांत बसणारी आणि ऐकणाऱ्याला रास्त वाटेल अशी हवी. स्वतःचा जीव घ्यायला सांगितलं तर मंत्र तिथंच संपतो. यातलं ‘रास्त वाटेल’ हे आमच्या मनात राहिलं, पण त्याचा उपयोग कसा करायचा हे तेव्हा कळलं नव्हतं.

एका नियमानं बाकीची यादी निम्मी पुसली गेली. तरी बाकीचे आकडे मला खटकतच होते. वीस पावलं का, पंचवीस का नाहीत, याला कथेतून उत्तर निघत नाही. आकडा वाचकाला लक्षात ठेवावा लागतो आणि त्यातून प्रसंग मात्र एकच मिळतो: एकोणिसाव्या पावलावर कुणीतरी थांबतं.

आपल्या जुन्या कथांत मर्यादा आकड्यात क्वचितच सापडते. विराटपर्वात गायी सोडवायला गेलेला अर्जुन संमोहनास्त्र सोडतो, कौरवांचे वीर भान हरपून पडतात आणि तो विराटपुत्र उत्तराला त्यांची वस्त्रं काढून आणायला पाठवतो. पण बजावतो, भीष्मांच्या वाटेला जाऊ नकोस, त्यांना या अस्त्रावरचा उपाय ठाऊक आहे. मर्यादा समोरच्याच्या ज्ञानात आहे. नलाच्या गोष्टीत कली त्याच्यात शिरायला बारा वर्षं संधी शोधत राहतो. नल एकदा पाय न धुता संध्येला बसतो तेव्हा त्याला वाट मिळते. पुढे कर्कोटक नलाला डसतो आणि ते विष नलाच्या अंगातल्या कलीलाच जाळत राहतं. म्हणजे शिरायला दार लागतं, आणि आत राहण्याची किंमत मोजावी लागते. सरांनी ही दोन उदाहरणं काढली आणि आमची चर्चा पहिल्यांदा जादू करणाऱ्याकडून जादू सोसणाऱ्याकडे वळली.

याच बैठकीत नावही ठरलं. तंत्रात षट्कर्मं मोजतात: शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण. ‘वशीकरण’ तयारच होतं, पण आम्ही ते घेतलं नाही. भिंतींवर, बसस्टँडवर ज्या नावाखाली फोन नंबर छापून लोकांना लुबाडतात, त्या नावाला आमच्या कथेनं तेज चढवायचं नाही, यावर सगळे एकमत होते. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे तो अशाच फसवणुकीसाठी. म्हणून आमच्या जादूचं नाव भारणी. ती करणारा भारणारा, ती झालेला भारलेला. लिंबू, बाहुली, राख, खरे मंत्र यातलं काहीही कथेत येणार नाही, हे नियमवहीच्या पहिल्या पानावर आहे.

हात, इच्छा, समजूत

पुढच्या रविवारी सर तयारी करून आले. फळ्यावर त्यांनी तीन शब्द लिहिले: हात, इच्छा, समजूत. ताबा यातल्या कशावर, ते आधी ठरवा म्हणाले.

मुंग्यांना लागणारी ऑफिओकॉर्डिसेप्स नावाची बुरशी आहे. तिची लागण झालेली मुंगी झाडावर चढते, पान किंवा काडी जबड्यात घट्ट धरते आणि तिथंच मरते. बुरशी मेंदूत शिरून हे करवत असेल असं वाटायचं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की बुरशीच्या पेशी स्नायूंभोवती जाळं करून बसतात, मेंदूत शिरत नाहीत. हा हातावरचा ताबा.

दुसरं उदाहरण अँप्युलेक्स कॉम्प्रेसा या चकाकत्या हिरव्या-निळ्या गांधीलमाशीचं. ती झुरळाला आधी छातीत डंख मारते, त्याचे पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. मग दुसरा डंख डोक्यात, नेमका मेंदूत. त्यानंतर झुरळाला चालता येतं, पण ते आपणहून चालायला लागत नाही. गांधीलमाशी त्याची मिशी धरून त्याला बिळात नेते आणि ते मुकाट मागे जातं. ताकद शाबूत, सुरुवात करायची इच्छा गेलेली.

तिसरं उदाहरण माणसांचं. २००५ साली पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, जास्त आवडलेला निवडायला सांगायचं, आणि हातचलाखीनं न निवडलेला फोटो त्यांच्या हातात देऊन विचारायचं, हा का निवडलात? बहुतेक वेळा अदलाबदल कुणाच्या लक्षातच आली नाही. लोकांनी न केलेल्या निवडीची कारणं मनापासून सांगितली. हे समजुतीचं.

सर म्हणाले, पहिल्या प्रकारात माणूस आत जागा असतो आणि आपलेच हात बघत राहतो, भयकथेला उत्तम. दुसऱ्यात माणूस रिकामा होतो. तिसऱ्यात त्याला सगळं आपलंच वाटतं, आणि खरं काय ते नंतर कळतं.

मला इथं वाट दिसली, आणि या सगळ्या प्रकरणात मला सांगायची गोष्ट हीच आहे. सामूहिक कथेत भारणी समजुतीवरच चालली पाहिजे, कारण तिथंच भारलेल्या पात्राच्या लेखकाला लिहायला काहीतरी उरतं. हातावर ताबा असेल तर सिस्टर फक्त बघ्या. इच्छेवर असेल तर मल्लव्वा चालतं-फिरतं लाकूड. पण आज्ञा दिवाणाची आणि कारण मल्लव्वाचं असेल, तर ते कारण सिस्टरांखेरीज कुणालाच लिहिता येत नाही. पेन कुणाचं हे आधी ठरवलं की जादूचा स्वभाव आपोआप ठरतो. आम्ही उलट्या टोकानं शिरलो होतो.

मागवाल्या घरातल्या मित्रानं हे एका वाक्यात पक्कं केलं. जेकार्डच्या मागावर भोकं पाडलेले पुठ्ठे फिरतात. जिथं भोक तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, आणि नक्षी त्या पुठ्ठ्यातच असते. “पण आडव्या धाग्याची कांडी कुठल्या रंगाची भरायची,” तो म्हणाला, “ते पुठ्ठा सांगत नाही. ते आम्ही ठरवतो.”

मग पेनाचे नियम लिहिले गेले. दुसऱ्याच्या पात्रावर भारणी चालवायची असेल तर त्या लेखकाला कथेबाहेर, आधी विचारायचं. तो नाही म्हणू शकतो आणि कारण द्यायला बांधील नाही. भारणाऱ्याचा लेखक आज्ञेच्या शब्दापर्यंत लिहील आणि थांबेल. तिथून पुढे भारलेल्याचा लेखक. यावर इंजिनिअर बराच अडून बसला. आधी विचारलं तर धक्का कसला, असं त्याचं म्हणणं. मुद्दा खरा होता. एकत्र लिहिण्यातली निम्मी मजा दुसऱ्याचं प्रकरण उघडताना पोटात गोळा येण्यात असते. पण धक्का वाचकाला द्यायचा असतो. शेजारी बसून आपल्याबरोबर लिहिणाऱ्या माणसाला त्याच्या नकळत धक्का द्यायचा हक्क मला तरी कुणाला द्यावासा वाटत नाही. भूमिका वठवण्याच्या खेळांत ‘लाइन्स अँड व्हेल्स’ नावाची रीत आहे, तीही आम्ही उचलली: काही गोष्टी रेषेपलीकडे, म्हणजे कथेत येणारच नाहीत, काही पडद्याआड, म्हणजे घडतील पण दाखवायच्या नाहीत. सरांनी रेषेवर एकच गोष्ट ठेवली, भावंडांनी एकमेकांचा जीव घेणं. कारण विचारलं नाही.

तिसरी खाच

आता सिस्टरांनी लिहायचं होतं. दिवाणाची आज्ञा फक्त एवढी: पहाटेच्या आत पाणदार उघड. का उघडायचं, ते मल्लव्वाच्या आतून यायला हवं. सिस्टरांनी जे लिहून आणलं त्यातला तुकडा देतो.

“मल्लव्वा पायऱ्या उतरली. मापाच्या दगडावर तीन खाचा. तिनं हात पाण्यात घातला आणि बोटं दगडावरून वर सरकवली. पहिली खाच पाण्याखाली. दुसरी पाण्याच्या रेघेला. तिसरी कोरडी, दिवसभराच्या उन्हाची ऊब अजून तिच्यात होती. ‘तिसरी बुडाली,’ ती म्हणाली. ‘खाली लेकरं झोपलीत.’ आणि किल्ली काढायला वळली.”

बोटांना ऊब लागतेय आणि तोंड ‘बुडाली’ म्हणतंय. भारणी इतक्या जवळून मी दुसरीकडे वाचलेली नाही. सिस्टर म्हणाल्या, रात्रपाळीत पहाटे चारच्या सुमाराला डोळे अपेक्षित आकडाच वाचायला बघतात. म्हणून तर काही औषधं देताना दोघींनी वेगवेगळं तपासायचं असतं. हे त्यांच्या हातात रोजचं आहे, म्हणून ते वाक्य तसं उतरलं. इंजिनिअरला ते कधीच सुचलं नसतं आणि तो स्वतःच तसं म्हणाला.

कोयत्याचा प्रसंग मात्र बसेना. रेषेचा नियम तर होताच, पण त्याआधीच सिस्टरांनी प्रामाणिकपणे शोधून बघितलं होतं, की भावावर हात उचलायला मल्लव्वाकडे कुठलं कारण निघू शकतं. निघालं नाही. म्हणून पुढचा नियम: आज्ञेला भारलेल्याच्या मनात आधीपासून असलेलं एखादं कारण टेकायला लागतं. ते नसेल तर आज्ञा घसरते आणि भारणाऱ्यावरच उलटते. उलटते म्हणजे काय, ते सरांच्या गांधीलमाशीनं दिलं. दिवाण झोप होईपर्यंत आपणहून काहीच सुरू करू शकत नाही. कुणी हात धरून उठवलं तर उठतो, घास भरवला तर खातो. दरबारात कारस्थानं करणाऱ्या माणसाला एवढा वेळ असं बसून राहणं म्हणजे मृत्यूच. त्यामुळे भारणीआधी त्याला माणूस अभ्यासावा लागतो, हेर ठेवावे लागतात, कुणाला कशाची काळजी आहे ते शोधावं लागतं. राजाला तो का भारत नाही याचं उत्तर इथं आपसूक मिळालं: राजाच्या मनात कसली कळकळ आहे हेच दिवाणाला अजून सापडलेलं नाही.

इथंच वकीलबाईंनी मोठी हरकत घेतली. या संबंध प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची चर्चा मी तीच मानतो. त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमचा नियम असा झाला, की झालं त्या अर्थी तिच्या मनात होतंच. हे वाक्य मी कोर्टात रोज ऐकते. फसवल्या गेलेल्या बाईला पहिलं हेच ऐकवतात.”

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. हरकत अचूक होती. नियम जसाच्या तसा ठेवला असता तर कथा पानापानावर भारलेल्यालाच आरोपी करत गेली असती, आणि आम्हाला ते कळलंही नसतं. वकीलबाईंनीच पुढची वाट दाखवली. भारतीय न्याय संहितेचं कलम २८, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं कलम ९०, सांगतं की भीतीपोटी किंवा गैरसमजुतीतून दिलेली संमती, समोरच्याला ते ठाऊक असेल, तर संमतीच नव्हे. कायदा तिथं फसलेल्याच्या मनात काय होतं एवढ्यावर थांबत नाही, फसवणाऱ्याला काय ठाऊक होतं तेही बघतो. आम्ही नियमात दुरुस्ती केली: आज्ञा ज्या कारणाला टेकते ती त्या माणसाची इच्छा नसते, त्याची काळजी असते. मल्लव्वाला दार उघडायचं नव्हतं. तिला लेकरं वाचवायची होती. दिवाणानं तिच्यातलं सगळ्यात चांगलं जे होतं तेच वापरलं, आणि म्हणून त्याचा गुन्हा हातावर ताबा घेणाऱ्यापेक्षा मोठा.

तेराव्या प्रकरणातला पंचांसमोरचा निवाडा वकीलबाईंनी लिहिला आणि तो याच मुद्द्यावर उभा आहे. पंच मल्लव्वाला निर्दोष ठरवतात. ती स्वतःला काय ठरवते हे मात्र सिस्टरांनी लिहिलं, आणि ते दोन्ही एक नाही.

हुकूम कुठल्या भाषेत?

हा प्रश्न विजापूर वेशीतल्या मित्राचा. त्याच्या दुकानात एकच गिऱ्हाईक मराठीत भाव करतं, कन्नडमध्ये बायकोला विचारतं आणि हिशेब मनातल्या मनात तिसऱ्याच भाषेत करतं. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडल्याशिवाय सोलापुरात दिवस जात नाही. त्यानं विचारलं, दिवाणाची आज्ञा समोरच्याला कळलीच नाही तर?

नियम झाला: माणूस स्वतःशी ज्या भाषेत बोलतो त्याच भाषेत आज्ञा पोचते. दिवाणाला फक्त दरबारी भाषा येते. विणकर वस्तीत तो मुका आहे. तिथली नरसम्मा, जी मागवाल्या मित्राचं पात्र आहे, दरबारी भाषेत उत्तम बोलते, पण ती बाहेरची भाषा. आत वेगळीच चालते. तिला भारायचं तर दिवाणाला दुभाष्या हवा, आणि शहरात सगळ्या भाषा जाणणारा एकच माणूस आहे, कासीम. कासीम अर्थात दुकानवाल्या मित्राचा.

या एका नियमानं कथेचा तोल बदलला. आज्ञा आता दोन तोंडांतून जाते आणि मधला माणूस ती बदलू शकतो. दिवाणाला कासीमला सांभाळावं लागतं, त्याच्याकडे संशयानं बघावं लागतं, आणि त्याला भारताही येत नाही, कारण कासीम स्वतःशी कुठल्या भाषेत बोलतो हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही. त्याच्या लेखकानं आम्हालाही सांगितलेलं नाही. इंजिनिअरला वाटलं खलनायक दुबळा झाला. माझं मत नेमकं उलट. सगळं जमणारा दिवाण कंटाळवाणा होता. दुसऱ्याच्या जिभेवर अवलंबून असलेला, रात्री झोप न लागणारा दिवाण मला खरा वाटतो.

शेवटी शहराकडे वळलो. भारणी पिढ्यानपिढ्या चालत आली असेल तर लोकांनी तिच्यावर काही उपाय काढलेच असणार. मर्यादा नियमवहीत लिहून भागत नाही, ती कुलपांत आणि चालीरीतींत दिसायला हवी. सिस्टरांच्या दोघींनी तपासण्यावरून पाणदाराला दोन किल्ल्या आल्या, दोन माणसांकडे, वेगळ्या गल्ल्यांत. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यावरचा, सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा आम्ही सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलाय. आधी सर्वांसमक्ष संमतीवाचन होतं, मग अक्षता पडतात. तसं सोनतळात लग्न, खरेदी, शपथ यांतलं काहीही चारचौघांत दोनदा विचारल्याशिवाय पक्कं होत नाही, आणि दोन वेळांच्या मध्ये एक रात्र जावी लागते, कारण झोप झाली की भारणी उतरते.

मग मल्लव्वाच्या एका किल्लीनं दार कसं उघडलं? अकरावं प्रकरण तिथं पुन्हा लिहावं लागलं. दुसरा किल्लीदार दिवाणानं भारला नाही. एका रात्रीत दोघांची काळजी अभ्यासणं त्याला शक्य नव्हतं. त्याला त्यानं सरळ सोनं दिलं. माझ्या मते हा सुधारित प्रकरणातला सगळ्यात चांगला बदल आहे: निवाड्यात मल्लव्वाशेजारी एक असा माणूस उभा राहतो ज्याच्यावर कसलीच जादू झालेली नाही.

प्रेमाची भारणी हवी असं मध्येच एकानं सुचवलं होतं. प्रेम ही शेवट असलेली कृती नाही, त्यामुळे ती पहिल्या नियमातच बाद झाली, आणि तरीही कुणी पळवाट काढू नये म्हणून सिस्टर आणि वकीलबाई दोघींनी ती रेषेपलीकडे टाकली.

इरण्णा जिवंत आहे. सुधारित प्रकरणात तो बहिणीला अडवत नाही, उलट दिवा धरतो. ती सांगतेय म्हटल्यावर तिसरी खाच बुडालीच असणार, असं त्याला वाटतं. हे सरांनी स्वतःहून लिहिलं, त्यावर कुठलीच भारणी नव्हती.

सध्या नियमवहीत एक प्रश्न उघडा आहे आणि तो इंजिनिअरनंच लिहिलाय: दिवाणानं स्वतःला आज्ञा दिली तर? पंधराव्या प्रकरणात त्याला दरबारात खोटी शपथ घ्यायची आहे, आणि ती खरी वाटावी म्हणून तो स्वतःलाच भारायचं ठरवतो. सरांचा विरोध आहे. आज्ञा देणारा आणि घेणारा एकच असेल तर ती घसरल्यावर उलटणार कुणावर, असं ते विचारतात. मला वाटतं परवानगी द्यावी. त्याला टेकायला कारण लागेलच, आणि आपल्याला कशाची काळजी आहे हे दिवाणाला स्वतःबद्दल तरी ठाऊक आहे का, हे त्यातून कळेल. इंजिनिअर दोन्ही तऱ्हेनं लिहून आणणार आहे. रविवारी वाचून ठरवू.